माझे आप्पा: एसटीचे कंडक्टर, आणि शेवटची चार वर्षं डायलिसिस

वेदगंगाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच महिने लिहू लिहू म्हणत होते. मागच्या आठवड्यात आप्पांचं वर्षश्राद्ध झालं, पावणे परत गेले, आता जरा हाताला वेळ आहे तर लिहूनच टाकते. लांबणार आहे, सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही आप्पा म्हणायचो, एसटीत कंडक्टर होते. गारगोटी डेपो, जिल्हा कोल्हापूर. १९८३ ला लागले आणि २०१७ ला रिटायर झाले, म्हणजे ३४ वर्षं खाकीत. आम्ही दोघी बहिणी. दुसरी पण मुलगीच झाली तेव्हा आजीने आणि भावकीने लई डोकं खाल्लं होतं म्हणे, आणखी एक बघा, वंशाला दिवा वगैरे. आप्पांनी एकदाच सांगितलं की दोनच पुरेत, आणि ह्यांनाच शिकवणार. परत तो विषय घरात निघाला नाही. आज ताई नर्स आहे आणि मी शाळेवर शिक्षिका, बीएड गारगोटीतच मौनी विद्यापीठात झालं.

आप्पा घरात कमीच असायचे. ज्यांच्या घरी एसटीतलं कुणी आहे त्यांना माहीत असेल, मुक्कामी गाडी लागली की माणूस संध्याकाळी जातो ते दुसऱ्या दिवशी दुपारी तोंड दिसतं. त्यांना पाटगावची मुक्कामी बऱ्याचदा असायची. पाटगाव म्हणजे भुदरगड तालुक्याच्या टोकाला, मौनी महाराजांचा मठ आहे ते, पावसाळ्यात तिथे जो पाऊस लागतो तो ज्याने बघितलाय त्यालाच कळेल. गाडीतच झोपायचं, कॅशची पिशवी उशाला घ्यायची, पहाटे पाचला उठून गार पाण्याने तोंड धुवून पहिली फेरी काढायची. गावातलं कुणीतरी चहा आणून द्यायचं, कधी भाकरी-झुणका. ती माणसं आप्पांच्या दिवसाला टेम्पो करून आली होती.

सणवार तर सोडूनच द्या. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या, चैत्रात जोतिबाची यात्रा, गणपतीत कोकणच्या, दिवाळीत तर विचारूच नका. लोकं सणाला घरी जातात ती कुणीतरी नेऊन सोडतं म्हणून जातात ना. आमच्या घरी नरकचतुर्दशीची पहिली आंघोळ पहाटे कधी झालीच नाही, आई उटणं भिजवून ठेवायची आणि आप्पा ड्युटीवरून नऊ-दहाला आले की मग अभ्यंगस्नान. शेजारच्यांचे फटाके उडवून, फराळ खाऊन झालेला असायचा. आम्ही दोघी पाटाभोवती रांगोळी काढून दारात बसलेल्या. आम्हाला वाटायचं दिवाळी दहालाच असते.

आता डब्यांचं सांगते, कारण माझ्या मते आप्पा काय माणूस होते ते त्यात आहे. आमच्याकडची पोरं शिकायला कोल्हापुरात, खोली घेऊन राहायची, मेसला पैसे नसायचे. मग आया सकाळी डबा करून एसटीत द्यायच्या. फडक्यात बांधलेला, वर पोराचं नाव लिहिलेला. मुदाळ तिट्ट्यावर चार चढायचे, बिद्रीला दोन, इस्पुर्लीला एखादा. आप्पा ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली रांगेने लावायचे, आमटी कलंडू नये म्हणून मधे पोत्याच्या घड्या घालायचे. कोल्हापूर स्टँडवर पोरं उभी असायची, संध्याकाळी रिकामे डबे परत. ह्याचे त्यांना काही पैसे मिळायचे नाहीत, आणि एकाही डब्याची अदलाबदल झालेली मी ऐकली नाही.

एकदा एका पोराचा डबा सलग दोन दिवस तसाच राहिला, न्यायला कुणी आलं नाही. त्याच्या आईला सांगितलं असतं तर ती माऊली घाबरून गेली असती. आप्पांनी दुसऱ्या पोराकडून खोलीचा पत्ता घेतला, मधल्या सुट्टीत, जी जेवायची सुट्टी असते, राजारामपुरीत चालत गेले. पोरगं तापाने फणफणलेलं, खोलीत एकटं. त्याला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं, औषध दिलं, शेजारच्या खोलीतल्या पोरांवर सोपवलं आणि परत स्टँडवर येऊन गाडी वेळेत काढली. आम्हाला हे घरी कधीच कळलं नव्हतं. आप्पांच्या बाराव्याला एक चाळिशीतला माणूस आला, मोठ्या हुद्द्यावर आहे आता, फोटोपुढे बराच वेळ बसून राहिला आणि मग त्याने आईला सांगितलं. आई म्हणाली, "मला तर म्हणाले होते त्या दिवशी भूक नव्हती म्हणून डबा तसाच आणला."

घर पण असंच उभं राहिलं. आधी एक खोली आणि पडवी. मग सोसायटीचं कर्ज काढून स्वयंपाकघर. वरची खोली ताईच्या नर्सिंगच्या फीमुळे तीन वर्षं नुसत्या भिंतींवर राहिली, स्लॅब नंतर पडला. डबल ड्युटी मिळाली की आप्पा नाही म्हणायचे नाहीत. ड्युटीवरून आल्यावर झोपायच्या आधी भिंतींवर पाणी मारताना मी त्यांना बघितलंय, खाकी पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडलेली.

आजाराबद्दल खाली वेगळं लिहिते, एकदम जमत नाहीये.

खिडकीतली जागा

ताई, डब्यांचं वाचून डोळे भरले. मी सोलापूर जिल्ह्यातला, पुण्यात शिकताना माझा पण डबा एसटीने यायचा, भाकरी दुपारपर्यंत कडक व्हायची पण आईच्या हातची. तो डबा आणणाऱ्या कंडक्टरचं नाव मी कधी विचारलं नाही. तुमच्या आप्पांना भावपूर्ण श्रद्धांजली.

डेपोपुत्र

माझे वडील ड्रायव्हर, विदर्भात. ताई तुम्ही लिहिलेलं एकूण एक खरं. थोडी भर घालतो, आजच्या पोरांना माहीत नसेल. मशीन यायच्या आधी कंडक्टरकडे तिकिटांचा ट्रे असायचा, वेगवेगळ्या किमतीचे ब्लॉक, प्रत्येक तिकिटाला पंच मारायचा आणि प्रत्येक टप्प्याला वेबिलात, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदात, नंबर लिहायचे. टप्पा ६ किलोमीटरचा. गाडी खचाखच भरलेली, खड्ड्यात आपटतेय, आणि हा माणूस उभ्याने, एका हाताने दांडी धरून, हिशेब लिहितोय. कॅश कमी भरली तर खिशातून भरायची. लाईन चेकिंगवाले चढले आणि एखादा विनातिकीट सापडला तर पॅसेंजरला दंड होतोच, पण कंडक्टरची पण केस. माझे बाबा म्हणायचे ड्रायव्हरची पाठ जाते आणि कंडक्टरचे गुडघे.

आजाराचं पण लिहा ताई. वाचतोय.

वेदगंगाकाठ

धन्यवाद सगळ्यांना. डेपोपुत्र दादा, गुडघ्यांचं अगदी बरोबर बोललात, आमची गोष्ट तिथूनच सुरू होते.

आप्पांना पन्नाशीच्या आत शुगर आणि बीपी दोन्ही निघालं. गोळ्या घ्यायचे पण ड्युटीप्रमाणे. मुक्कामी असेल तर गोळी घरी राहिलेली, जेवण तीनला नाहीतर रात्री अकराला, वडापाववर दिवस काढलेले. आणि गुडघे, कंबर. दिवसभर उभं राहून दुखायचे. मग मेडिकलमधून दुखण्याची गोळी. आधी अधूनमधून, मग रोज एक, यात्रेच्या सीझनला दोन. घराजवळच्या एका डॉक्टरांकडे जायचे तिथे पण इंजेक्शन मारलं की दोन दिवस बरं. शुगर-बीपी असलेल्या माणसाने ह्या गोळ्या रोज घेऊ नयेत, किडनीवर येतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. ताईचं नर्सिंग तेव्हा चालू होतं, तिने नंतर सुट्टीत पाकीट बघितलं आणि बंद करायला लावल्या, पण तोवर बरीच वर्षं गेली होती.

रिटायर झाल्यावर वर्ष-दीड वर्षाने पाय सुजायला लागले. बोट दाबलं की खड्डा पडायचा. अंगाला खाज, तोंडाला चव नाही, म्हणायचे तोंडात लोखंडासारखं लागतंय. ताईने जबरदस्तीने कोल्हापूरला नेऊन तपासण्या केल्या तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, आठच्या वर. डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून सांगितलं की दोन्ही किडन्या बारीक झाल्यात, आता औषधाने नाही भागणार, डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त साफ करणं, लागणार. आप्पांनी एवढंच विचारलं, "आठवड्यात किती फेऱ्या?" डॉक्टरांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले तीन. दर वेळेला चार तास.

डाव्या हातावर फिस्टुला केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हाताची धमनी आणि शीर ऑपरेशन करून जोडतात, म्हणजे शीर जाड होते आणि रक्त जोरात वाहतं, तिथे सुया टोचून मशीनला जोडतात. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही, सलाईन नाही, झोपेत तो हात अंगाखाली घ्यायचा नाही. त्यावर बोट ठेवलं की आतून घरघर लागते. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, आप्पा त्याचा कान हातावर लावून घ्यायचे आणि म्हणायचे, "ऐक, गाडी चालू हाय." रोज सकाळी उठल्यावर दोघांचा तो कार्यक्रम. आम्हालाही बरं पडायचं, कारण घरघर थांबली तर फिस्टुला बंद पडला म्हणून लगेच दवाखान्यात पळायचं असतं, आणि हे काम पोराने अंगावर घेतलं होतं. "आई, आजोबांची गाडी चालू आहे" असं ओरडत तो स्वयंपाकघरात यायचा.

पाण्याचं सगळ्यात अवघड. लघवी जवळजवळ बंद झाली की दिवसाला साधारण अर्धा-पाऊण लिटरच प्यायचं, त्यात चहा, आमटी, ताक सगळं आलं. आईने एक बाटली केली होती, सकाळी मोजून भरायची. आप्पा फुलपात्रात दोन घोट ओतून घ्यायचे आणि जेवण संपेपर्यंत पुरवायचे. एप्रिल-मे मध्ये बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचे. आणि दारात पोस्टमन आला, गवंडी आला, कुणीही आला की पहिलं आत ओरडायचे, "अगं पाणी आण त्यांना, उन्हातनं आलेत." चार वर्षांत पाण्याबद्दल एक कुरकुर ऐकली नाही.

खाणं तसंच. केळ, नारळपाणी, टोमॅटो, पालेभाजी, सगळ्यावर बंदी किंवा अगदी थोडं, पोटॅशियम वाढतं म्हणून. भाजी चिरून, उकळून ते पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणी. मीठ नावाला. कोल्हापूरच्या माणसाला तांबडा-पांढरा बंद म्हणजे काय ते मी सांगायला नको. आई वर्षभर स्वतः पण तेच आळणी जेवली. मग एक दिवस आप्पांनीच तिला बसवून सांगितलं की तू नीट जेव, तू आडवी झालीस तर मला कोण बघणार, आणि तिच्या ताटात स्वतः चटणी वाढली.

डायलिसिसवाला, नाशिक

ताई, मी डायलिसिस टेक्निशियन आहे, बारा-तेरा वर्षं मशीनवर काम करतोय. तुमच्या मुलाने रोज फिस्टुला तपासायचं काम केलं हे वाचून खूप बरं वाटलं, आम्ही पेशंटला घसा फोडून हेच सांगतो. थ्रिल म्हणतात त्या घरघरीला. पहिल्या काही तासांत लक्षात आलं तर फिस्टुला वाचू शकतो.

वाचणाऱ्यांसाठी थोडं. आमच्याकडे जे येतात त्यात शुगर आणि बीपीवालेच जास्त. किडनीचं वाईट हे की ती शेवटपर्यंत बोलत नाही. बरंचसं काम गेलेलं असतं तरी माणूस चालता-फिरता असतो, थकवा आला तर वयामुळे म्हणतो. ज्यांच्या घरी शुगर-बीपी आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे लघवीतून जाणारं प्रोटीन, तपासा. नुसतं क्रिएटिनिन नको, लघवीची तपासणी पण, कारण बऱ्याच जणांना ती आधी बिघडलेली सापडते. साधी तपासणी आहे, कुठल्याही लॅबमध्ये होते.

आणि दोन डायलिसिसच्या मधे जे वजन वाढतं ते बहुतेक सगळं पाणी असतं, एक किलो म्हणजे एक लिटर. ते आम्ही चार तासांत काढतो तेव्हा बीपी पडतं, पायात गोळे येतात, हृदयावर ताण येतो. तुमचे आप्पा पाणी एवढं सांभाळायचे म्हणजे मशीनवर त्यांना त्रास कमी झाला असणार.

वेदगंगाकाठ

हो दादा, तिथले टेक्निशियन पण हेच म्हणायचे, काका दीड किलोच्या वर कधी वाढवून आणत नाहीत. आप्पांना ते ऐकून शाळेत पहिला नंबर आल्यासारखं व्हायचं, घरी येऊन सांगायचे.

निळं आकाश

वाचून खूप वाईट वाटलं, पण एक बोलू का, राग मानू नका. आपण कष्टाळू म्हणून कौतुक करतो पण माणसाला वेळेवर जेवायला मिळत नाही, लघवीला जायला स्टँडवर धड जागा नाही, सणाला सुट्टी नाही, हे बरोबर आहे का? त्यांचं शरीर असं झिजलं त्याला कौतुकाने झाकायचं का? लघवी दाबून ठेवल्यामुळे पण किडनी खराब झाली असेल. माझ्या मते अशा गोष्टी वाचून डोळे पुसण्यापेक्षा चीड यायला पाहिजे.

डायलिसिसवाला, नाशिक

लघवीबद्दल एक दुरुस्ती. दाबून ठेवल्याने इन्फेक्शन होऊ शकतं, प्रोस्टेट वगैरे असेल तर त्रास वाढतो, पण ताईंच्या वडिलांच्या बाबतीत शुगर, बीपी आणि वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या हीच मोठी कारणं दिसतात. मात्र लघवीला जायला नको म्हणून पाणीच प्यायचं नाही, ही सवय ड्रायव्हर-कंडक्टर, ट्रॅफिक पोलीस, शिक्षिका, सगळ्यांत बघतो, ती वाईटच. उन्हात पाणी कमी आणि वरून पेनकिलर, हे दोन्ही एकत्र आलं की किडनीला जास्तच मार बसतो.

वेदगंगाकाठ

निळं आकाश, राग अजिबात नाही. चीड मला पण येते. रिटायर झाल्यावर ईपीएस-९५ ची पेन्शन किती येते ते एसटीतल्या कुठल्याही घरी विचारा, महिन्याचा किराणा पण होत नाही. २०२१ च्या संपात सगळे डेपोबाहेर बसले होते तेव्हा आप्पा डायलिसिसवर होते, रिटायर झालेले, त्यांना त्यातून काहीच मिळणार नव्हतं. तरी डायलिसिस नसलेल्या दिवशी जाऊन तासभर पोरांच्यात बसून यायचे. म्हणायचे, "मी ओव्हरटाइम करून घर बांधलं, ह्या पोरांना आठ तासात घर चालवता आलं पाहिजे." तेव्हा त्यांना स्वतःला सगळं कळत होतं. त्यांनी कष्टाचं कौतुक कधी करून घेतलं नाही, मला पण त्यांच्या झिजण्याचं कौतुक नाही. मला त्यांचं कौतुक आहे. ते त्या ठिकाणी नसते, एखाद्या एसी ऑफिसात असते, तरी त्यांनी उपाशी पोरगं शोधून काढलंच असतं.

इस्पुर्लीकर

ताई मी त्याच लाईनचा. नाव तुम्ही लिहिलं नाही पण गारगोटी गाडीला एक कंडक्टर होते, उंच, कानावर केस, म्हाताऱ्या बायका चढल्या की बसायला जागा करून दिल्याशिवाय डबल बेल मारायचे नाहीत. ते असतील का नसतील माहीत नाही. पण आमच्या आज्जीला बाजारच्या दिवशी त्यांनी कितीदा कोथिंबिरीच्या पाटीसकट उतरवून घेतलंय, खाली उतरून, पाटी डोक्यावर देऊन मग गाडी पुढं. लोकं आतून बोंबलायची उशीर होतोय म्हणून. तेच असावेत असं वाटायला लागलंय.

वेदगंगाकाठ

इस्पुर्लीकर, उंच आणि कानावर केस म्हणजे... काय बोलू. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली तेच असणार.

परदेशस्थ मुलगा

मी गेली नऊ वर्षं जर्मनीत. माझ्या बाबांचं कोविडमध्ये झालं, मला येता आलं नाही. तुमचे आप्पा लॉकडाऊनमध्ये डायलिसिसला कसे जायचे? तेव्हा तर एसटी बंदच होती ना? आणि ट्रान्सप्लांटचं काही बघितलं होतं का? नको असेल तर उत्तर देऊ नका.

वेदगंगाकाठ

दादा, तुमच्या बाबांना माझा नमस्कार. येता येणं न येणं तुमच्या हातात नव्हतं.

एसटी मार्च २०२० मध्ये बंद झाली आणि आम्ही गारगोटीत, डायलिसिस कोल्हापुरात, ५० किलोमीटर. एक खाडा झाला तरी अंगात पाणी भरतं, दम लागतो. आमच्या गल्लीतल्या एका दूधवाल्याने टेम्पो दिला. त्याला पास होता दुधाचा, आम्ही दवाखान्याचं पत्र दाखवायचो. पहाटे चारला निघायचे आप्पा, क्रेट आणि कॅनच्या मधे पाट टाकून बसून. त्या दूधवाल्याच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं तेव्हा आप्पांनी स्वतःच्या पगारावर जामीन राहून त्याला कर्ज मिळवून दिलं होतं, वीस वर्षांपूर्वी. त्याने कधी बोलून दाखवलं नाही, डिझेलचे पैसे पण घेतले नाहीत.

एसटी सुरू झाली तसे परत एसटीने. ह्याचा उपयोग कुणाला होईल म्हणून सांगते, डायलिसिसच्या पेशंटला एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे, डॉक्टरांचं सर्टिफिकेट वगैरे घेऊन आपल्या डेपोत चौकशी करा. आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, केशरी कार्डावर आमचं झालं, ते नसतं तर घर विकावं लागलं असतं. आप्पा सवलतीवर बसायचे पण जाताना सीटवर बसले तर शपथ. दाराजवळच्या दांडीला टेकून उभे, नवीन कंडक्टर पोराला सांगत, "मागं दोन अर्धी आहेत रं, घेतलीस का?" येताना मात्र अंगात त्राण नसायचं, तेव्हा ती पोरं त्यांच्यासाठी पुढची सीट धरून ठेवायची.

ट्रान्सप्लांटचं. आईला शुगर, तिची किडनी चालणार नव्हती. ताईचा रक्तगट जुळत नव्हता. माझा जुळत होता. मी तयार होते, नवरा पण तयार होता, सासूबाई पण म्हणाल्या की वडील आहेत, दे. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्यांची यादी दिली. आप्पांनी ती घडी घालून खिशात ठेवली आणि घरी आल्यावर मला म्हणाले, "तुझं पोरगं पाच वर्षाचं हाय. मी तुला द्यायचा बाप हाय, घ्यायचा न्हवं." मी रडले, भांडले, दोन महिने बोलले नाही, ताईने समजावलं, डॉक्टरांनी समजावलं की दाता एका किडनीवर नीट जगतो, सगळं तपासूनच घेतात. ते ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, आणि नाही म्हणायचे. मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव घालायला मात्र तयार झाले. नंबर लागला नाही.

मला अजून वाटतं की त्यांनी घ्यायला पाहिजे होती. हे मी आईजवळ बोलत नाही, इथे बोलते.

डायलिसिसवाला, नाशिक

ताई, मशीनवर रोज असे बाप बघतो. बायकोची घेतील एकवेळ, भावाची घेतील, पोरांची नको म्हणतात. काही जण शेवटी घेतात आणि चांगले राहतात, मी त्यांना मुद्दाम नवीन पेशंटशी बोलायला लावतो. तुमच्या आप्पांनी ठरवलं होतं, आणि शुद्धीत, समजून ठरवलं होतं. तुम्ही द्यायला उभ्या राहिलात हे त्यांनी बघितलं ना.

डेपोपुत्र

ताई शेवट कसा झाला? सांगवत असेल तर सांगा.

वेदगंगाकाठ

हृदय. डायलिसिसच्या पेशंटचं बऱ्याचदा हृदयच जातं असं नंतर ताईने सांगितलं, तिला आधीपासून माहीत होतं, तिने आम्हाला सांगितलं नव्हतं.

रविवार होता. शनिवारचं डायलिसिस नीट झालेलं. सकाळी पोराने कान लावून बघितलं, गाडी चालू. आप्पांनी दाढी केली, आईला म्हणाले आज जरा छातीत भरल्यासारखं वाटतंय, डेपोत फोन लाव. आई म्हणाली डेपोत कशाला, दवाखान्यात लावते. गाडी येईपर्यंत कॉटवर बसूनच होते. मला हाक मारली आणि कपाटातली निळी वही आणायला सांगितली. त्यात घरपट्टी भरलेली पावती, विम्याचे कागद, सोसायटीचा दाखला की कर्ज फिटलंय, ताईच्या आणि माझ्या नावाच्या दोन ठेवी, आईच्या गोळ्यांच्या वेळा, कुणाचं किती देणं. देणं एकच होतं, चक्कीवाल्याचे ८० रुपये. म्हणाले, "हे तेवढं आज देऊन ये." वाटेत मुदाळ तिट्ट्याच्या थोडं पुढे गेले. ताई गाडीत होती, ती अर्धा तास छाती दाबत होती.

चक्कीवाल्याचे पैसे मी दुसऱ्या दिवशी दिले. तो घेत नव्हता. मी म्हटलं घ्या, नाहीतर आप्पांचा हिशेब राहील.

खिडकीतली जागा

काल हे वाचून बाबांना फोन केला. बीपीची गोळी घेतात, गुडघ्यासाठी पण काहीतरी घेतात म्हणाले, मेडिकलवाला देतो. पाकिटाचा फोटो मागवलाय. ताई, दादा, लॅबमध्ये नेमकं काय सांगायचं ते परत एकदा लिहाल का?

डायलिसिसवाला, नाशिक

सिरम क्रिएटिनिन, आणि लघवीसाठी अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. सोबत शुगर आणि बीपी. सकाळची पहिली लघवी दिली तर उत्तम. रिपोर्ट घेऊन डॉक्टरला दाखवा, रिपोर्टवर नॉर्मल लिहिलंय म्हणून घरी ठेवून देऊ नका. आणि गुडघ्याची गोळी तोवर थांबवून डॉक्टरला विचारा, बीपीची मात्र बंद करू नका.

वेदगंगाकाठ

आणि बाबांना एकटं पाठवू नका दादा, बरोबर जा. एकटे गेले की "सगळं ठीक आहे म्हणाले" एवढंच सांगतात घरी येऊन. रिपोर्ट आला की इथे लिहा, मी बघत राहीन.